नांगर केवढा असावा?

‘सीता’ या शब्दाचा मूळ अर्थ नांगराच्या फाळाने जमिनीवर उमटलेली रेषा, म्हणजेच आपला तास. जनकराजाला भूमी नांगरताना जी कन्या सापडली, तिचे नाव त्या रेषेवरूनच पडले. बलरामाच्या खांद्यावर कवींनी गदा वा धनुष्य न देता नांगर दिला. ज्या संस्कृतीने या अवजाराला देवाच्या खांद्यावर बसविले, त्या संस्कृतीत ‘नांगर केवढा असावा’ हा प्रश्न क्षुल्लक मानला जाऊ नये, असे आम्हांस वाटते. पण आज हा प्रश्न विचारला जातो तो दुकानाच्या पायरीवर, तोही बहुधा शेजाऱ्याने काय घेतले हे पाहून. उत्तर देणारा असतो विक्रेता; आणि त्याचे उत्तर सहसा ‘मोठा घ्या’ असेच असते.

आमचे बोरगाव सौसर तहसिलीत. ही तहसील पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, कारभाराची भाषा हिंदी; पण घरात आणि वावरात मराठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर हीच आमची राजधानी होती, आणि शेतीची रीत आजही नागपूर-विदर्भाकडचीच आहे : कापूस, तूर, ज्वारी, अलीकडे सोयाबीन व मका, आणि संत्र्याच्या बागा. गावाशेजारी औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, तरुण कारखान्यात जाऊ लागले, बैलजोड्या कमी झाल्या आणि ट्रॅक्टर वाढले. हा बदल वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. बैलामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, तो तसे म्हणूच शकत नाही.

ते कष्ट किती, याचा हिशेब आम्ही शाळेत आठवीच्या वर्गाला एकदा घातला होता. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. देशी नांगराचा तास साधारण १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर एक एकर नांगरण्यास बैलांना आणि त्यांच्यामागून माणसाला किती चालावे लागेल? उत्तर येते सुमारे २७ किलोमीटर. मुलांचा आधी विश्वास बसेना; गुणाकार पुन्हा केला गेला. वर्गातील बहुतेकांच्या आजोबांनी असे किती एकर पायाखाली घातले असतील, याची कल्पना आल्यावर वर्ग काही वेळ अगदी शांत झाला होता. तेच काम ६० सेंटिमीटर रुंदीच्या दोन फाळी नांगराने ट्रॅक्टर पावणेसात किलोमीटरांत उरकतो. तेव्हा यंत्र हवेच. प्रश्न एवढाच की केवढे.

नांगराचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे आलेला दिसतो. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर पोचला. शेतकऱ्याने नव्या अवजाराविषयी साशंक असणे याला आपण अडाणीपणा म्हणतो. पण आपल्या जमिनीला काय सोसेल हा त्याचा मूळ प्रश्न रास्तच होता. आज आपण दुसऱ्या टोकास गेलो आहो. आता शंकाच कोणी घेत नाही.

आमच्या भागातील जुन्या रीतीत आणखी एक शहाणपण होते. काळ्या जमिनीत दरवर्षीचे मुख्य अवजार वखर. नांगर काही वर्षांनी एकदा, हरळी-कुंद्याने वावर व्यापले किंवा जमीन दडपली तरच. बैल वाचावेत हा त्यात हेतू होताच. पण वखराने वरचा थर मोकळा राही आणि खालची माती जागची हलत नसे. दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळी खोल नांगरट, हा सल्ला आजही दिला जातो तो याच धर्तीचा. म्हणजे ज्याच्याकडे बारा एकर आहेत, त्याला दरवर्षी बारा एकर नांगरावयाचेच नसतात. चार किंवा सहाच एकर नांगरावयाचे असतात. नांगराचे माप ठरविताना हिशेबात धरावयाचे क्षेत्र हे, सात-बाराच्या उताऱ्यावरचे किंवा पटवाऱ्याच्या खसऱ्यातले सगळे क्षेत्र नव्हे.

मोठा नांगर कोठे योग्य ठरतो, याचे एक बोलके उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातील फार मोठे क्षेत्र कास नावाच्या खोल मुळांच्या गवताने पडीक झाले होते. बैलांच्या नांगराने त्याची मुळे तुटत नसत. तेव्हा केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने साखळीपट्ट्यांचे अवजड ट्रॅक्टर आणून ती जमीन खोल नांगरून काढली. या यंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. तेथे शत्रू खोल होता, क्षेत्र सलग होते आणि खर्च सरकारचा होता. आमच्या आठ-दहा एकरांच्या, धुऱ्यांनी तुकडे पडलेल्या वावरात यांपैकी एकही गोष्ट नसते. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील सरासरी जमीनधारणा अवघी १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आत आहे. सुमारे ८६ टक्के शेतकरी अल्प वा अत्यल्प भूधारक आहेत. नांगराची निवड या वास्तवावर उभी राहिली पाहिजे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आमच्या मते पहिला सल्लागार दुकानदार नव्हे, कुदळ आहे. आपल्या वावरात पाच-सात ठिकाणी, उंचावर, मध्यावर आणि नाल्याकाठी, हातभर खोल खड्डे करून पाहावेत. आमच्या तहसिलीत कन्हान आणि जाम नद्यांच्या काठी माती पुरुषभर खोल मिळते. तीच टेकडीच्या अंगाला ‘बरड’ जमिनीत वीतभर खाली मुरूम लागतो. माती आठ इंच असताना दहा इंच नांगरणाऱ्याने मुरूम वर आणला आणि चांगली माती खाली गाडली, असे होते. ते पुन्हा उलटविता येत नाही. वीतभर माती तयार होण्यास निसर्गाला हजारो वर्षे लागतात. ती बिघडविण्यास एक दुपार पुरते. आमच्या परिचयाच्या एका कास्तकाराने मोठ्या हौसेने बरडाची तीन एकर जमीन खोल नांगरून घेतली. त्यानंतर त्या वावरात पेरणीच्या वेळी दगड वेचणे हेच घरातल्या बायामाणसांचे मुख्य काम होऊन बसले आहे.

संत्र्याच्या बागेला तर हा नियम दुपटीने लागू. संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या फूटभर थरात असतात. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात. त्यांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर खोल नांगर घेऊन गेला की फांद्या मोडतात त्या दिसतात, मुळे तुटतात ती दिसत नाहीत. बागेत नांगराचे कामच नाही. लहान ट्रॅक्टर आणि उथळ वखरणी, एवढेच तेथे शोभते.

दुसरा सल्लागार पंचांग, म्हणजे हाताशी असलेले दिवस. पऱ्हाटी उपटून झाल्यावर किंवा गहू-हरभरा निघाल्यावर जमिनीत थोडी ओल असते, तोवर नांगरट हलकी जाते. मूठभर माती दाबून पाहावी : तिचा गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला तर वापसा आहे, चिकटून राहिला तर थांबावे, गोळाच होत नसेल तर डोक्याएवढी ढेकळे निघणार हे ओळखावे. ओल्या काळ्या जमिनीत नांगर घातला की त्याच्या तळाशी घट्ट थर बसतो आणि पावसाचे पाणी खाली मुरेनासे होते.

समजा, आपल्याला असे योग्य दिवस बारा मिळतात आणि रोज आठ तास काम होते. म्हणजे ९६ तास. नांगर ताशी चार किलोमीटर चालतो. वळणे, थांबणे, फाळात अडकलेला कचरा काढणे यांत चौथा हिस्सा वेळ जातो. हेक्टरांतील क्षेत्रास दहाने गुणावे आणि त्या गुणाकारास वेग, पाऊण आणि तास यांच्या गुणाकाराने भागावे. आवश्यक रुंदी मीटरमध्ये मिळते. चाळीस एकर म्हणजे १६.२ हेक्टर. १६२ भागिले २८८, उत्तर ०.५६ मीटर. म्हणजे दरवर्षी पुरे चाळीस एकर नांगरणाऱ्यालाही बारा इंची दोन फाळांचा, साठ सेंटिमीटरचा नांगर पुरतो! दहा एकरवाल्याचे उत्तर तर ०.१४ मीटर येते. तेवढी रुंदी बैलांच्या नांगराला असते.

हाच हिशेब उलटा करून पाहू. दोन फाळी नांगर तासाला ०.१८ हेक्टर, म्हणजे साध्या भाषेत अर्ध्या एकराला थोडे कमी नांगरतो. तीन फाळी दोन तृतीयांश एकर. दहा एकरांना पहिल्यास बावीस-तेवीस तास लागतात, दुसऱ्यास पंधरा. फरक एका दिवसाचा. वर्षातून एक दिवस वाचविण्यासाठी मोठा नांगर, आणि तो ओढण्यासाठी मोठा ट्रॅक्टर, आणि त्यासाठी मोठे कर्ज घ्यावे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र जो तरुण गावाची नांगरट भाड्याने करून देतो, त्याच्यासाठी हा एकेक दिवस म्हणजे कमाई. त्याने मोठा नांगर घेतला तर त्यात चूक काही नाही.

तिसरा सल्लागार खुद्द ट्रॅक्टर. नांगर ओढण्यास किती जोर लागतो, हे तीन गोष्टींवर ठरते : कापावयाची रुंदी, खोली आणि मातीचा विरोध. हलक्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटर छेदाला साधारण ०.३ किलो, मध्यम जमिनीत ०.५, भारी काळ्या जमिनीत ०.७ किलो ओढ धरावी. ती काळी जमीन वाळून कडक झाली असेल तर याहूनही अधिक. दोन फाळी नांगराची रुंदी ६० व खोली २० सेंटिमीटर घेतली, तर छेद १,२०० चौरस सेंटिमीटर आणि भारी जमिनीत ओढ ८४० किलो. या ओढीस वेगाने, म्हणजे चाराने, गुणून २७० ने भागले की अश्वशक्ती मिळते : सुमारे साडेबारा.

येथे पुष्कळांची फसगत होते. ‘साडेबाराच लागतात, आमचा तर पस्तीसचा आहे’ असे म्हणून लोक तीन फाळांकडे वळतात. पण इंजिनाची सगळी शक्ती नांगरापर्यंत पोचत नाही. दंतचक्रांत काही जाते, आणि त्याहून कितीतरी अधिक मऊ जमिनीत चाके घसरण्यात व रुतण्यात जाते. शेतात जेमतेम निम्मी ते साठ टक्के शक्ती ओढीच्या कामी येते. शिवाय कडक चट्टा वा चढ आला तर हाती राखीव असावी म्हणून इंजिनास ऐंशी टक्क्यांपलीकडे राबवू नये. या दोन्ही वजाबाक्या केल्या की साडेबाराला सुमारे अठ्ठावीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. त्याच जमिनीत तीन फाळांना सुमारे त्रेचाळीस. आणि खोली पंचवीस सेंटिमीटर करून कडक जमिनीत, ०.८ च्या विरोधाने, तोच नांगर घातला तर हिशेब साठावर जातो. म्हणून भारी जमिनीत पस्तीस ते चाळीसच्या ट्रॅक्टरला दोन फाळ आणि पन्नासच्या पुढे तीन फाळ, हा ढोबळ नियम ध्यानी ठेवावा. खोली दीडपट केली की ओढ निदान दीडपट होते. एक एकर वीस सेंटिमीटर नांगरणे म्हणजे आठशे घनमीटर, हजार टनांहून अधिक माती हलविणे होय. प्रत्येक जादा इंचाचे डिझेल आपल्याच खिशातून जाते.

जोडी जमली की नाही, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे होईतो ट्रॅक्टर चालवावा व अंतर मोजावे. समजा ४० मीटर भरले. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजावेत. ३४ मीटर भरले तर घसर पंधरा टक्के झाली, इथवर ठीक. अंतर ३२ मीटरांच्याही खाली गेले तर नांगर ट्रॅक्टरला जड आहे : टायर झिजतात, डिझेल जळते आणि माती घासून दडपते. अशा वेळी खोली कमी करावी किंवा एक फाळ काढावा. एक्सिलेटर दाबणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

नांगर ट्रॅक्टरला तीन सांध्यांनी जोडण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने विकसित केली आणि १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या साह्याने ती जगभर पसरली. तिच्यामुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते आणि हलका ट्रॅक्टरही बऱ्यापैकी ओढू शकतो. पण उचललेल्या जड नांगराने पुढची चाके हलकी होतात, हा त्याचा दुसरा पैलू. दोन्ही बाजूंना माती टाकणारा हायड्रॉलिक पलटी नांगर लहान, अरुंद वावरात फार सोयीचा. त्याने रिकामे फेरे वाचतात आणि मध्ये नाळी वा वरंबे राहात नाहीत. मात्र त्याला फाळांचे दोन संच असल्याने तो साध्या नांगरापेक्षा पुष्कळ जड असतो. तो उचलल्यावरही ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावयास हवा. नसल्यास पुढे वजने लावावीत. हे न पाळता नाल्याच्या चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला गेला, तर चालकाला उडी मारण्याएवढीही उसंत मिळत नाही. नांगराच्या मापाची चर्चा पैशाची आहे, तशीच ती घरच्या कर्त्या मुलाच्या जिवाचीही आहे.

ट्रॅक्टरची खरी ओढ किती आणि तो किती वजन उचलतो, याची माहिती जाहिरातीतून घेण्याची गरज नाही. नर्मदाकाठी बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषियंत्रांच्या प्रशिक्षणाची व परीक्षणाची संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरांची रीतसर परीक्षा होऊन अहवाल निघतात. खरेदीपूर्वी तो अहवाल मागावा. मुलगी देताना आपण स्थळाची चौकशी करतो. कर्जाने घेतलेले यंत्र घरात आणताना तेवढी चौकशी का करू नये?

शेवटी खर्चाचा प्रश्न. उदाहरणादाखल नांगराची किंमत साठ हजार रुपये आणि आयुष्य दहा वर्षे धरू. घसारा वर्षाला ५,४००, सरासरी गुंतवणुकीवर बारा टक्के व्याज सुमारे ४,०००, दुरुस्ती व फाळ मिळून २,६००. एकूण बारा हजार. नांगर वर्षातून बावीस तास चालला, तर तासाला सुमारे ५४५ रुपये नुसत्या नांगराचे झाले. त्यात ट्रॅक्टरचा हप्ता, डिझेल, चालक काहीच नाही. तोच नांगर दोनशे तास चालला तर तासाला साठ रुपये. किमती बदलतील, रीत बदलणार नाही. ज्याचे तास थोडे, त्याने नांगर विकत न घेता भाड्याने आणावा, किंवा चार भावकीच्या घरांनी मिळून एक घ्यावा. मध्य प्रदेशात कृषी अभियांत्रिकी विभागाच्या योजनेतून अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभी राहिली आहेत. जवळचे केंद्र कोठे आहे याची विचारपूस करण्यात कमीपणा मुळीच नाही.

कमीपणा वाटतो, हीच खरी अडचण आहे. दारात उभा असलेला मोठा नांगर आज प्रतिष्ठेची खूण झाला आहे. पोळ्याला बैलांच्या जागी ट्रॅक्टरला हार घालताना मागे लावलेल्या फाळांकडेही लोकांचे लक्ष जाते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण मुलांना शिकवितो. खरेदीच्या दिवशी मात्र ती वडीलधाऱ्यांनाच आठवत नाही. म्हणून आमची सूचना अशी की हा निर्णय एकट्या पुरुषाने दुकानात उभे राहून करू नये. घरी सर्वांनी बसावे. शाळकरी मुलाला पाटी-पेन्सिल द्यावी. वर दिलेली गणिते त्याला सहज येतात. घरधनिणीला विचारावे, कारण हप्ता चुकला तर पहिली नजर तिच्याच दागिन्यांवर जाते. म्हाताऱ्या वडिलांना विचारावे, कारण कोणत्या कोपऱ्यात मुरूम किती खाली आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. एवढे झाल्यावर जो नांगर ठरेल तो लहान असो वा मोठा, तो त्या वावराचा आणि त्या घराचा असेल. आणि त्याने काढलेला तास ‘सीता’ या नावाला शोभेल.